स्टिअरिंग जाम आहे

२ मार्च, सोमवार

कारखान्याने महिनाभर घरी बसवलं. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मला ते वेगळं करून सांगणार नाही. साहेबांनी पास केलेले पंप मी परत मागवले आणि सगळ्यांसमोर त्यांना गाढव म्हणालो. पंप गळत होते. साहेब गाढव आहेत. दोन्ही गोष्टी मी तपासून बघितल्या आहेत.

तयार माल तपासायचा आणि नापास करायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं मला त्यात मजा येते. येते.

रिकामा बसण्यापेक्षा आई-बाबांकडे राहायला आलो. दार बाबांनी उघडलं. मी बॅग घेऊन समोर उभा, आणि हे म्हणतात, "कोण?" वर्षाने मुलगा घरी येतो त्याचं हे स्वागत. "मी," म्हणालो. "अरे, तू होय!" म्हणाले, आणि खांद्यावर ठेवायला उचललेला हात बॅगेवर ठेवला.

४ मार्च, बुधवार

या घरात सगळे झोपेत वावरतात. सकाळी बाबा पेपर उघडून बसतात, पानं उलटतात आणि आईला विचारतात, "काय म्हणतंय आज?" मग आई हातातलं काम टाकून वाचून दाखवते. पेपर यांच्या मांडीवर, वाचणार ती. जेवताना ती सांगते, "भाजी डाव्या हाताला, वाटी समोर, पाणी वाटीच्या मागे." जेवायला वाढते आहे की स्टेशनवर गाड्यांची घोषणा करते आहे कळत नाही.

मी म्हणालो, "त्यांचं त्यांना दिसत नाही का?"

"सवय लागली रे मला," ती म्हणाली.

बाबा मान खाली घालून जेवत राहिले. फार लाडावून ठेवलंय.

अंगणात गाडी उभी आहे. ताईच्या जन्माआधीची. बाबांनी हिच्याशिवाय दुसरी गाडी चालवली नाही, मलाही हिच्यावरच शिकवलं. वर्षभर ती जागची हललेली नाही. स्टिअरिंग जाम आहे म्हणे, आणि पार्ट मिळत नाहीत म्हणे. तरी बाबा रोज सकाळी फडकं घेऊन ती पुसतात. बॉनेट आरशासारखं आणि दारावर धुळीचे पट्टे तसेच. पुसायचं तर नीट पुसावं, नाहीतर पुसू नये.

८ मार्च, रविवार

आज जो प्रकार बघितला तो लिहितानाही लाज वाटते.

रविवारी ताई येते. दहाच्या सुमारास बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसले. शेजारी आई. मागे ताई. बाबांनी इंजिन चालू केलं. आणि तिघं बसून राहिले. फाटक बंद, गाडी जागेवर, इंजिन घरघरतंय, आणि हे तिघं समोरच्या भिंतीकडे तोंड करून गप्पा मारताहेत.

बाबा म्हणाले, "इंजिन बघ कसं वाजतंय. स्टिअरिंग तेवढं जाम आहे, नाहीतर तुम्हाला लांब फिरवून आणलं असतं."

"झालं की जाऊ," आई म्हणाली.

"तोपर्यंत भिंत काय वाईट आहे," ताई म्हणाली, आणि तिघं हसले.

मी ओसरीवर उभा होतो. "हे काय नाटक आहे?" विचारलं.

"बॅटरी उतरू नये म्हणून," ताई म्हणाली. "ये ना शहाण्या, जागा आहे मागे."

गेलो नाही. वर्षभर दर रविवारी हे चाललंय असं कळलं.

दुपारी आत्याचा फोन आला. बाबांची थोरली बहीण, पलीकडच्या गावात असते, पडल्यापासून अंथरुणावरच आहे. ती रोज बोलावते आणि बाबा रोज तेच सांगतात, "स्टिअरिंग जाम आहे गं अक्का, नाहीतर मीच आलो असतो." बस आहे, रिक्षा आहे. पण नाही, यांना स्वतःच्या गाडीने जायचंय. एका म्हातारीचा जीव अडकलाय आणि यांची ऐट संपत नाही.

ठरवलं. ही गाडी मी चालती करणार. नाहीतरी महिनाभर करायचं काय?

९ मार्च, सोमवार

मिस्त्रीकडे गेलो. गाडी जन्मापासून याच्या हाताखालची. गॅरेजमध्ये स्टुलावर बसून चहा पीत होता. मला बघून उठला, पण कप ठेवला नाही.

"धाकटे साहेब! कधी आलात?"

"गाडीचं काय झालं?"

"पार्ट मागवलाय."

"कधी?"

"मागवलाय हो. जुनं मॉडेल आहे, वेळ लागतो."

"वर्ष झालं."

"लागतं एकेकदा."

"उघडून तरी बघितलीत का?"

त्याने चहाचा घोट घेतला. "उघडून काय करायचं, पार्ट नसेल तर?"

अशी माणसं मी कारखान्यात रोज बघतो. काम न करण्याची यांची एक पद्धत असते. नाही कधी म्हणायचं नाही. मागवलंय, येतंय, उद्या बघू. चाळीस वर्षं बाबा या माणसावर विश्वास टाकून बसलेत.

त्याच्याकडून जॅक, उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी घोडे आणि मोठा हातोडा घेऊन आलो. द्यायला कां-कूं करत होता. निघताना म्हणाला, "घाई कशाला करता? राहू द्या की आहे तशी. थोरल्या साहेबांना विचारलंत का?"

गाडी दुरुस्त करायला परवानगी विचारायची. धन्य.

११ मार्च, बुधवार

पुढची बाजू जॅकवर उचलून खाली घोडे लावले. स्टिअरिंगला चाकांशी जोडणारा टायरॉड सोडवला. आता आत बसून स्टिअरिंग फिरवलं तर लोण्यासारखं फिरतं. म्हणजे वरची स्टिअरिंगची पेटी ठणठणीत. मग चाकं हाताने वळवायला गेलो. हलायला तयार नाहीत. दोष सापडला. पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिला किंगपिन म्हणतात. दोन्ही किंगपिन गंजून आपापल्या भोकांत रुतून बसले आहेत. ग्रीस भरायच्या तोट्या कोरड्या खडखडीत. एवढं कळायला मला अर्धा तास लागला. मिस्त्रीला वर्ष पुरलं नाही.

दोन्हींवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं.

बाबा खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले. "काय निघालं?"

"किंगपिन."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग सुटायचे नाहीत," म्हणाले. मला त्यांच्या आवाजात समाधान ऐकू आलं. दुसऱ्याचं काम फसणार याचा काही माणसांना आनंद होतो. बाबा त्यांतले असतील असं वाटलं नव्हतं.

चाकाच्या आत अंधार होता म्हणून टॉर्च धरायला सांगितला. टॉर्च धरणं हे जगातलं सगळ्यांत सोपं काम असावं. यांनी आधी माझ्या डोळ्यांवर मारला, मग कंपाउंडच्या भिंतीवर.

"इथे, बाबा, इथे!"

"इथेच तर धरलाय."

"हे भिंतीला लागलेत का किंगपिन?"

टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाले, "हात भरून येतो आता," आणि खुर्ची ओढत आत गेले. आई माझ्याकडे बघत दारात उभी होती. या घरात बोलायचं ते कोणी बोलत नाही.

१४ मार्च, शनिवार

हसावं की रडावं.

जुन्या पार्टच्या दुकानात गेलो. गाडीचं नाव आणि साल सांगितलं, किंगपिन म्हणालो, आणि वाक्य संपायच्या आत दुकानदाराने फळीवरून डबा काढून समोर ठेवला. पूर्ण जोडी, किंगपिन ज्यांत फिरतात त्या बुशांसकट. डब्यावर बोटभर धूळ.

"मिळत नाही म्हणतात हा पार्ट," मी म्हणालो.

"कोण म्हणतं? तीन जोड्या पडल्यात. कोणी विचारत नाही."

डबा घेऊन सरळ गॅरेजमध्ये गेलो आणि मिस्त्रीच्या टेबलावर आपटला.

तो डब्याकडे बघून म्हणाला, "मिळाला? अरेरे."

"अरेरे?"

"म्हणजे वा. वा म्हणायचं होतं."

"चाळीस वर्षं तुम्ही आमच्या घरचं मीठ खाताय," मी म्हणालो, "आणि एका म्हाताऱ्या माणसाला वर्षभर थापा मारता?"

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं भांडेल. "थापाच आहेत," म्हणाला, आणि फडक्याने हात पुसत राहिला. ते हात स्वच्छ होते. निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते.

१५ मार्च, रविवार

गाडी घोड्यांवर, त्यामुळे आजचं नाटक रद्द. तरी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. गाडी उचललेली आहे हे त्यांना पुढच्या बंपरला गुडघा लागल्यावर कळलं. मी मोठ्याने हसलो. कोणी हसलं नाही.

ताईने मला मागच्या बाजूला नेलं. "किती दिवस लावणार आहेस हे?"

"या आठवड्यात होईल."

"कोणी सांगितलंय तुला करायला?"

"कोणीतरी करायला नको?"

"नको," ती म्हणाली. "गाडी बंद आहे ते चांगलं आहे. एवढं कळत नाही तुला?"

"नाही कळत. बंद गाडी चांगली कशी असते ते समजावून सांग."

ती म्हणाली, "सांगायचं ते बाबांनी सांगायला हवं. मला शपथ घातलीय. आणि तुला तर मुळीच सांगू नको म्हणालेत."

"का?"

"तू प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारतोस म्हणून."

काहीतरी गाडी विकायचा बेत शिजतोय, असा माझा अंदाज. मला कळलं तर मी भाव बघीन, व्यवहार बघीन, चुका काढीन. म्हणून लपवाछपवी. लपवा. चालू गाडीला भाव जास्त येतो, हेही या शहाण्यांना कळत नाही.

१७ मार्च, मंगळवार

डावा निघाला. आधी किंगपिनला आडवी अडकवलेली पाचर ड्रिलने पोखरून काढली. मग बर्नरने तापवलं, खालून लोखंडी दांडा लावला, आणि हातोडा. तळहाताची सालं निघाली. दुपारी कधीतरी आवाज बदलला. तोवर घाव नुसता थडथडत होता, तो एकदम पोकळ वाजला, आणि किंगपिन नखभर वर आला. त्यानंतर पंधरा घावांत बाहेर.

तो थंड झाल्यावर बाबांनी मागून घेतला. बाहेर एवढं लख्ख ऊन, डोळ्यांसमोर धरून बघावं की नाही? नाही. डोळे मिटून अंगठा फिरवत बसले. म्हणाले, "खालच्या टोकाला झिजलाय. आतल्या अंगाला जास्त." मी मोजून बघितलं. बरोबर होतं. अंदाज लागतो एखादा.

"उजवाही निघेल का?" त्यांनी विचारलं.

"निघेल."

"तू काढशीलच," म्हणाले. पिन मांडीवर ठेवून बराच वेळ बसून होते.

२० मार्च, शुक्रवार

झालं.

उजव्याने दोन दिवस खाल्ले. नवे बुश बसवले, ते रीमरने घासून मापाला आणले, नवे किंगपिन, नवी पाचर, ग्रीस दाबलं ते वरून बाहेर येईपर्यंत. टायरॉड जोडला. चाकं खाली टेकवली. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. रस्त्यावर एकटा फेरी मारून आलो. वळणावर हात सोडला तर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. काही खोट नाही. मी स्वतः शोधली, सापडली नाही.

बाबांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. "फिरवा."

त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. आई पायरीवर उभी होती.

"जड आहे अजून," बाबा म्हणाले.

"काय?"

"जड आहे. मला वाटलंच होतं."

आयुष्यात इतका अपमान साहेबांनीही केला नाही. खिडकीतून हात घालून मी करंगळीने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "हे जड आहे? हे? करंगळी आहे ही, बाबा."

ते म्हणाले, "हो. हलकं झालंय."

"मग?"

"मग काय. रविवारी जाऊ अक्काकडे."

आई आत निघून गेली. सोलायला घेतलेली लसूण पायरीवरच राहिली. शाबासकीची अपेक्षा नव्हती. पण निदान खोट तरी काढू नये. नवी गाडी आणून दिली तरी या माणसाला ती जडच लागेल. कृतघ्नपणा याला म्हणतात.

मीच आत्याला फोन लावला. "रविवारी बाबा येतायत. स्वतः गाडी चालवत." ती फोनवर रडली. "खरंच का रे बाळ? त्याला सांग, सावकाश ये. मी खिडकीशी पलंग लावून घेते. गाडी वळताना दिसेल मला."

या सगळ्या खटाटोपात समाधान मानणारं एक माणूस निघालं.

२१ मार्च, शनिवार

घरात मयत झाल्यासारखं. बाबा गाडीभोवती हाताने चाचपत फिरताहेत. आईने मला विचारलं, "तू चालवशील का उद्या?" मी म्हणालो, "का? त्यांचीच ऐट होती ना, मीच येणार म्हणून? आता चालवू देत." ती म्हणाली, "तुला दगडाचं काळीज दिलंय का रे मी?" मी गाडी दुरुस्त केली, त्याबद्दल हे बोलणं.

२२ मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी ताई आली. मिस्त्रीही आला, सहज म्हणून. कोणी बोलावलं नव्हतं. फाटकाजवळ हात मागे बांधून उभा राहिला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. उजव्या हाताची बोटं गाडीच्या टपावरून फिरवत दारापर्यंत आले आणि बसले. आई शेजारी.

मी फाटक उघडलं. बाहेर रस्त्यावर शाळेच्या मैदानाकडे जाणारी मुलं होती. ती जाऊ द्यावीत म्हणून परत आलो आणि गाडीपुढे उभा राहिलो. हात वर केला, थांबा म्हणून.

काच खाली होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. बाबा किल्ली लावत होते. किल्ली भोकाच्या वर लागली, मग खाली, मग बाजूला. त्या भोकाभोवती बारीक ओरखडे आहेत. शुक्रवारी मी बघितले होते. जुनी गाडी, असायचेच असं वाटलं होतं. आईने त्यांचं मनगट धरून किल्ली आत घातली. तिला ते नवीन नव्हतं. इंजिन सुरू झालं. बाबांनी गिअर टाकला.

मी बॉनेटपासून हातभर अंतरावर होतो. लख्ख ऊन. हात वर केलेला. बाबा सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गेला का गं तो बाजूला?" त्यांनी आईला विचारलं.

आई उत्तर देईना. ती माझ्याकडे बघत होती. ताई फाटकाकडून ओरडायच्या बेतात होती, मिस्त्रीने तिचा दंड धरला.

"समोर कोणी नाही ना?" बाबांनी पुन्हा विचारलं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मी बाजूने चालत खिडकीशी गेलो. आत हात घातला आणि स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं.

"जड लागतंय का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड केलं. म्हणाले, "थोडं."

"थोडं नाही. जामच झालंय. रात्रीतून बसलं वाटतं परत."

"तू तर म्हणाला होतास..."

"माझं चुकलं. बुश घट्ट बसवले मी. तापले की धरतात." असं काही होत नाही. मी ते बुश मापाला आणले होते. "इंजिन बंद करा, बाबा."

त्यांनी बंद केलं. मिस्त्री आला, गुडघ्यांवर बसला, चाकाच्या मागे हात घातला आणि म्हणाला, "हो साहेब, धरलंय पूर्ण. आता दुसरा पार्ट मागवावा लागेल."

"मिळेल का?" बाबांनी विचारलं.

"जुनं मॉडेल आहे," मिस्त्री म्हणाला. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं. बरं केलं.

बाबांनी पाठ सीटला टेकली. शर्ट घामाने चिकटला होता. "हा एवढं राबला," ते आईला म्हणाले, "पण जुन्या गाडीचं असंच. त्याचा दोष नाही."

मी चालवतो, असं मला म्हणता आलं असतं. गाडी चालू होती, किल्ली तिथेच होती, आत्या खिडकीशी पलंग लावून बसली होती. म्हणालो नाही. मी चालवली असती तर गाडी चालू आहे हे सगळ्यांना दिसलं असतं. इतकंच लिहितो.

आत्याला फोन केला. "स्टिअरिंग जाम झालं, आत्या. माझ्याच हातून बिघडलं. बाबा निघालेच होते, गाडीत बसले होते. आम्ही बसने येतोय."

"हात मोडले का रे तुझे," ती म्हणाली. "वर्षाने गाडी चालू झाली ती एका दिवसात बिघडवलीस!"

"हो," म्हणालो.

बसस्टॉपपर्यंत बाबा माझ्या अर्धं पाऊल मागे चालत होते, कोपराला कोपर लागेल एवढे जवळ. मी चाल कमी केली. बस आली.

"पायरी उंच आहे," मी म्हणालो.

"दिसतंय मला," बाबा म्हणाले, आणि पाय हवेत उचलून तसेच थांबले. मी त्यांचा हात दाराच्या दांड्यावर ठेवला. पाय अजून हवेतच होता, पायरी शोधत.

मागे एक गृहस्थ होते, चांगले कपडे, हातात बॅग. ते म्हणाले, "अहो आजोबा, चढा की लवकर. दिसत नाही का?"

मी वळलो आणि त्यांना जे बोललो ते सगळ्या बसने ऐकलं. इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबांना फक्त गाढव म्हणालो होतो. ते गृहस्थ नंतरच्या बसने आले असावेत. तोपर्यंत बाबा चढून आत गेले होते आणि खिडकीजवळच्या सीटवर बसून शेजारची जागा हाताने धरून होते.